कुठपर्यंत समजलं?

अत्तार बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. बाकीचे मास्तर प्रश्न विचारतात ते उत्तरही स्वतःच द्यायला. ‘आपल्या देशाची राजधानी कोणती? दि... दिल्...’ असं अर्धं उत्तर पोराच्या तोंडात घालतात, उरलेलं अर्धं सगळा वर्ग ओरडतो आणि शिकवून झालं. अत्तार बाईंचं तसं नव्हतं. विचारायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि समोरच्याकडे बघत राहायच्या. त्यात राग नसायचा आणि मायाही नसायची. एसटीची वाट बघणारा माणूस रस्त्याकडे बघतो, तसं. गाडी उशिरा येईल, पण येईल, हे त्याला माहीत असतं.

माझ्यावर हा प्रयोग झाला तो शाळेच्या समितीत. आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या बाजूला, नदीच्या अलीकडे. पलीकडे दौंड तालुका. शाळा दोन शिक्षकांची, चौथीपर्यंत. माझा मुलगा आणि सून शिक्रापूरला कंपनीत कामाला, तिथेच भाड्याच्या खोलीत राहतात. नात माझ्यापाशी असते, म्हणून शाळेत तिची पालक मी. समितीत निम्म्या बायका घ्याव्या लागतात. समितीचा अध्यक्ष माझा पुतण्या भाऊसाहेब. त्यानं माझं नाव घालून टाकलं. मी घरात कुणाचं ऐकून घेत नाही हे त्याला माहीत होतं. पण सभेत बायका बोलत नाहीत, मग ती कोणी का असेना, असा त्याचा अंदाज होता. तोवर तो बरोबरही होता.

एकदा सभेला मी लवकर पोचले. बाई एकट्याच होत्या. त्यांनी विचारलं, “आक्का, या समितीचं काम काय असतं?”

“सही करायची,” मी म्हटलं.

त्या बघत राहिल्या.

“आन् चहा प्यायचा.”

त्या बघतच राहिल्या.

“आता काय अजून? तुम्हीच सांगा की.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहे का, ते विचारलं.”

मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी सुनेला फोनवर सांगितलं, की ही बाई आगाऊ झाली आहे. झाली आहे म्हटलं, कारण आधी त्या अशा नव्हत्या.

बाई दौंडच्या. वडील रेल्वेत होते, घर स्टेशनच्या मागे. रोज स्कूटीवरून पूल ओलांडून यायच्या. आवाज खणखणीत. म्हणायच्या, “आमच्या घरावरून दिवसभर मालगाड्या जायच्या, हळू बोललेलं आईला ऐकू जायचं नाही.” पूर्वी त्या शिकवायला लागल्या की उसात खुरपणाऱ्या बायांना सगळा धडा ऐकू यायचा. शेवटी त्या विचारायच्या, “समजलं का?” आणि सगळी पोरं एका सुरात, “होऽऽ बाई.” मीही माहेरी निमोण्याला चौथीपर्यंत तेच म्हणत होते. माझी शाळा तिथंच संपली, ‘हो’ मात्र पुढंही चालू राहिलं. सासरी, सोसायटीत, दवाखान्यात.

मग सरकारनं काही शिक्षकांना परदेशातल्या शाळा बघायला न्यायचं ठरवलं. त्यात आमच्या बाईंचं नाव लागलं. देश होता फिनलंड. वस्तीवर हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. बायांनी त्याचं फिनेल केलं. “बाई फिनेलला चालल्या, येताना दोन बाटल्या आणा म्हणावं, न्हाणीला लागतंय,” असं माझ्या शेजारणीनं म्हटलं आणि पाण्याच्या टाकीवर आम्ही पोट धरून हसलो. बाईंच्या कानावर ते गेलं. त्या म्हणाल्या, “बाटल्यांचं वजन होतं, चटणी नेते आहे.” खरंच शेंगदाण्याची चटणी घेऊन गेल्या आणि आठवडाभर तीच पावाला लावून खाल्ली.

परत आल्यावर सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा आणि शाळेच्या फाटकावर फ्लेक्स. फ्लेक्स शिक्रापूरला छापलेला. तिथल्या माणसानं ‘फिनलंड’ वाचलं, त्याला वाटलं गावाकडच्यांनी लिहिताना चूक केली, त्यानं ती सुधारली आणि मोठ्या अक्षरात छापलं: ‘इंग्लंड दौरा यशस्वी करून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली भाऊसाहेबाचा फोटो, बाईंच्या फोटोपेक्षा मोठा. बाई फेटा बांधून त्या फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि माईक हातात आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, “मी इंग्लंडला गेले नव्हते.”

भाऊसाहेब खुर्चीतूनच म्हणाला, “असू द्या बाई. एकच ते.”

“एकच नाही,” बाई म्हणाल्या. “चूक पोरं रोज येता-जाता वाचतील. उद्या काढा.”

फ्लेक्स काढला गेला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टुलावर चढून ‘इंग्लंड’वर कागद चिकटवला आणि त्यावर पेटीतल्या रंगीत खडूनं ‘फिनलंड’ लिहिलं. भाऊसाहेबाच्या मनात पहिली अढी तिथं बसली असं मला वाटतं.

त्या तिथं नेमकं काय शिकल्या, ते मला कळलं बिबट्यामुळे. एका संध्याकाळी वाटेवरच्या उसात बिबट्या दिसला, वनखात्याची गाडी आली आणि रस्ता बंद केला. बाई स्कूटी लावून माझ्या ओट्यावर टेकल्या. मी चहा टाकला आणि म्हटलं, “मग, काय बघितलं तिकडं?”

“शाळा चांगल्या आहेत आक्का. त्यात नवल काय? पैसा आहे, पोरं कमी आहेत. सगळ्यांनी फोटो काढले. बाकांचे, भिंतींचे, संडासाचेसुद्धा. मीही काढले. बसमधून हिंडवलं, जिथं नेलं तिथं झाडून-पुसून ठेवलेलं. पाहुण्याला घर दिसतं तसा देश दिसला. मला देश कळला असं मी म्हणणार नाही.”

“मग गेलात कशाला?”

“ऐका तर. गणिताच्या तासाला मागं बसवलं होतं आम्हाला. तिथल्या बाईंनी एका पोरीला काहीतरी विचारलं. पोरीला येईना. पोरगी गप्प. बाई गप्प. वर्ग गप्प. कुणी हसेना, कुणी मागून सांगेना. एवढ्या थंडीत मला घाम फुटला आक्का. फळ्यावरचं गणित मला कळत होतं. माझा हात आपोआप वर गेला. एवढी घोडी मी, मागच्या बाकावर बसून बोट वर करून बसले होते.”

मी हसले. त्याही हसल्या.

“शेवटी पोरगी काहीतरी पुटपुटली. आमच्याबरोबर भाषा सांगणारा माणूस होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, ती म्हणतेय, मला समजलं नाही. मला वाटलं, आता बोलणी खाणार. तर त्या बाईंनी तिला विचारलं, कुठपर्यंत समजलं? आणि पोरीनं जाऊन फळ्यावर बोट ठेवलं. इथपर्यंत. तिथून पुढं बाईंनी धरलं. बस, एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच. मी इतकी वर्षं विचारते समजलं का, आणि पोरं म्हणतात हो. त्यातला एक तरी ‘हो’ खरा असेल का? बाकीच्यांना तिथं जाऊन आनंद झाला. मला राग आला. हे बघायला विमानात बसवून न्यायला लागलं मला. हे दौंडात बसून दिसायला पाहिजे होतं.”

पुढं दौंडला शिक्षकांच्या मेळाव्यात दौऱ्याला गेलेले काय शिकले ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. बाकीच्यांनी रंगीत चित्रं दाखवली, टाळ्या घेतल्या. बाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “मी जे शिकले त्याला फोटो नाही,” आणि दोन मिनिटं बोलून खाली बसल्या. हे त्यांनीच मला सांगितलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण अशा गोष्टी वरपर्यंत जातात.

शाळेतून ‘होऽऽ बाई’ बंद झालं. आधी बाया म्हणाल्या, शाळा भरते की नाही? आवाजच येत नाही. नात सांगायची, बाई विचारतात कुठपर्यंत समजलं, पोरं म्हणतात सगळं, मग बाई म्हणतात, सगळं म्हणजे कुठपर्यंत? आणि बसून राहतात. पोरं बेजार झाली. मग एकेकाचं तोंड उघडायला लागलं. “बाई, हातचा घेतला तिथपत्तूर समजलं.” “बाई, धड्यातला म्हातारा का रडला ते समजलं न्हाई.” हळूहळू ते घरी यायला लागलं. मी नातीला म्हटलं, भाकरीचं पीठ सैल मळ. ती म्हणाली, “आक्का, पीठ मळ हे समजलं. सैल म्हंजी किती?” मी तिला दोन शब्द सुनावले. पण मग सांगावं लागलं, बोटाला लागंल पर परातीला लागणार न्हाई, इतकं. जन्मभर मी भाकरी केल्या, पण ‘सैल’ म्हणजे किती हे कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं.

सगळ्यांना हे गोड लागलं नाही. धडे मागं पडले, ही तक्रार खरी होती. मीही बाईंना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, “पडले मागं. आधी पुढं पळत होतो, तेव्हा काय हाती लागलं होतं?” बापांची तक्रार वेगळी होती. पोरं उलटून विचारतात. पाणी आण म्हटलं तर आणतात, पण ‘गप बस’ म्हटलं तर ‘का ते समजलं नाही’ म्हणतात. चहाच्या टपरीवर कुणी कुणी बाईंच्या धर्मावरूनही बोलले. माझ्यासमोर बोलले नाहीत. बोलले असते तर त्यांची नावं मी इथं लिहिली असती.

मग शिक्षण खात्यातले मोठे साहेब आले. परदेशात जाऊन आलेल्या बाईंची शाळा बघायची म्हणून बरोबर दुसऱ्या तालुक्यातले शिक्षकही आणले होते. भाऊसाहेबानं मंडप घातला. साहेब चांगले बोलणारे होते. ‘बालमित्रांनो’ म्हणून सुरुवात केली आणि पुढं सर्वांगीण विकास, गुणवत्ता, आनंददायी शिक्षण, एकविसावं शतक, असं कितीतरी वेळ बोलले. शेवटी हसून म्हणाले, “काय, समजलं का?”

पोरं गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. पोरं बाईंकडे बघायला लागली. बाई भिंतीकडे बघत होत्या. तेवढ्यात चौथीतली आर्या उभी राहिली. ही भाऊसाहेबाची धाकटी मुलगी. पोरगी सरळ उभी राहून म्हणाली, “सर, ‘बालमित्रांनो’पर्यंत समजलं. त्याच्या पुढचं समजलं नाही.”

मागं बसलेले पाहुणे शिक्षक हसले. एकदम फस्सकन हसले, मग तोंडावर रुमाल धरले. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण काही चुकीचं बोललो असं न वाटता आर्या उभीच होती. तिला वाटत होतं, आता साहेब पुढचं सांगतील. साहेब खाली बसले.

बाईंना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “हे शिकून आलात तुम्ही?”

“हो साहेब,” बाई म्हणाल्या. “हेच.”

गाडीत बसताना साहेब भाऊसाहेबाला म्हणाले, पोरं उद्धट झाली आहेत, गावाचं म्हणणं लेखी आलं तर मी बघतो. मी गाडीपाशीच उभी होते. म्हाताऱ्या बाईला ऐकू येत नाही असं मोठ्या माणसांना वाटतं.

आठवड्याच्या आत सभा लागली. विषय एकच, बाईंची बदली. शाळेच्या समितीत सचिव मुख्याध्यापक असतात आणि आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे अत्तार बाईच. म्हणजे सभेचं प्रोसिडिंग त्यांनीच लिहायचं. स्वतःला घालवण्याचा ठराव स्वतःच्या हातानं. बाई नेहमीसारख्या टेबलाशी बसल्या, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. पुरुष खुर्च्यांवर, बाया मागं सतरंजीवर. भाऊसाहेबाची बायको वैशालीही समितीत होती. ती अगदी कडेला, पदर डोक्यावरून पुढं ओढून बसलेली.

भाऊसाहेब म्हणाला, “बाई, लिहून घ्या. वर्गशिक्षिका यांच्या शिकवण्यामुळे विद्यार्थी उद्धट झाले असून त्यांची अन्यत्र बदली करण्यात यावी.”

बाईंनी लिहिलं. मग मान वर करून विचारलं, “उद्धट झाले म्हणजे काय केलं त्यांनी? तेही सांगा, लिहिते.”

“ते सगळ्यांना माहीत हाय.”

“मला लिहायला वाक्य लागेल.”

“बाई, तुम्ही लिहायचं काम करा. काय मंडळी, मंजूर?”

पुढच्या खुर्च्यांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका झाला. आमच्या गावात ठराव असाच होतो. वाचणारा वाचतो आणि बाकीचे मंजूर म्हणतात. पोरांच्या ‘होऽऽ बाई’त आणि ह्याच्यात फरक एवढाच, की मिशा असतात. मी म्हटलं, “न्हाई.”

भाऊसाहेबाला वाटलं मी काही मागते आहे. “काय न्हाई काकी? पाणी पायजे?”

“मंजूर न्हाई. आर्या काय वाईट बोलली ते सांग. तुझीच पोरगी हाय.”

“सायबासमोर म्हणाली, समजलं न्हाई.”

“तुला समजलं व्हतं?”

खुर्च्यांवर कुणीतरी खोकलं. भाऊसाहेब म्हणाला, “काकी, इषय तो न्हाई.”

“तोच हाय. सायेब काय म्हणाला ते आम्हाला सांग. तू पुढं बसला व्हतास.”

आणि मी गप्प बसले. आजवर मी लोकांना बोलूनच हरवलं होतं. गप्प बसणं मला जड जातं. जीभ टाळूला लावून बसले. भाऊसाहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एक जण म्हणाला, “म्हंजी ते आपलं... इकासाचं बोलले.” दुसरा म्हणाला, “जाऊ द्या की मामी, कशाला ताणताय?” मी काही बोलले नाही. बाईही बोलल्या नाहीत. पेन वहीवर टेकवून बसल्या होत्या. त्यांची नोकरी काही जात नव्हती, पण वर्षाच्या मध्यावर गावानं हाकललेली बाई असा शिक्का घेऊन त्या ज्या शाळेत गेल्या असत्या, तिथं त्यांना परत तोंड उघडता आलं नसतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि भाऊसाहेबालाही.

तेवढ्यात कडेनं आवाज आला, “मी बोलू का?”

वैशाली होती. कुणाला विचारत होती कळेना, कारण ती सतरंजीकडे बघत होती. बाई म्हणाल्या, “बोला.”

“शिरूरच्या डॉक्टरकडं गेलते मी. थायरॉईडचं. ते काय काय बोलले, मी मान हलवली. आर्या बरोबर व्हती. ती म्हणाली, डॉक्टर, आईला समजलं नाही, परत सांगा. मला लाज वाटली, मी तिला चिमटा काढला. पर डॉक्टर हसले आन् परत सांगितलं. गोळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी घ्यायची. मी कवाची जेवल्यावर घेत व्हते. डॉक्टर म्हणाले, तरीच फरक पडंना.” मग पदर सारून सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाली, “ह्याला उद्धट म्हणत असाल, तर मला उद्धटच पायजे पोरगी. लिहा बाई.”

बाईंनी विचारलं, “मत म्हणून लिहू का ठराव म्हणून?”

त्यावर मागच्या बाया हसल्या. मग एक म्हणाली, माझंबी लिहा. दुसरी म्हणाली, मलाबी मंजूर न्हाई. भाऊसाहेब उठला. “काय लिहू नका. सभा संपली.”

“सभा संपली, असं लिहिते,” बाई म्हणाल्या आणि लिहिलं.

‘मंजूर’ असं वहीत आलंच नाही, ठराव पडला. पुरुष निघून गेल्यावर मी टेबलापाशी गेले. मला वाटलं, बाई दोन शब्द बोलतील. त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाल्या, “आक्का, साहेब काय बोलले हे आधी विचारायला हवं होतं. आर्याचं नंतर. पोरीवर आलं की बाप चिडतो.” बाई तशाच होत्या. त्यांना चुकून कुणी चांगलं म्हणू नये म्हणून हे सांगते.

मला त्या सभेची किंमत द्यावी लागली. आमची विहीर सामायिक आहे. भाऊसाहेबानं माझी पाण्याची पाळी मागं ढकलली, ती ढकललीच. बांधालगतचा ऊस पिवळा पडला. पडू दे. वैशालीला घरात काय ऐकावं लागलं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोळी मात्र ती उठल्या उठल्या घेते.

कुणाला वाटेल, पुढं शाळेचं नाव झालं असेल. तसं काही झालं नाही. तालुक्यात आमच्या शाळेचा नंबर होता तिथंच राहिला. साहेब परत आले नाहीत. बाई मात्र राहिल्या, पुढचं अख्खं वर्ष राहिल्या, आणि त्यांच्या वर्गात कुणी ‘हो’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग बदल्यांचा हंगाम आला आणि बाईंनी स्वतःच दौंड मागून घेतलं. मला नातीकडून कळलं. मी तशीच शाळेत गेले. बाई कपाट आवरत होत्या.

“खरं हाय का?”

“खरं आहे. आई आता अंथरुणातच असते. कधी हाक मारेल सांगता येत नाही. इथून निघून पुलावर पोचेपर्यंत माझा जीव ठिकाणावर नसतो.”

कारण खोटं नव्हतं. तरी माझ्या तोंडून गेलं, “तुमच्यासाठी मी घरातल्यांशी वाकडं घेतलं. आन् तुम्ही आपल्या निघालात.”

बाईंनी हातातले खडू खाली ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. मला वाटलं, आता मन भरून आलं असेल. मग म्हणाल्या, “माझ्यासाठी घेतलंत?”

मी कपाटाकडे बघायला लागले.

“माझ्यासाठी भांडला असाल आक्का, तर ते भांडण आज माझ्याबरोबर दौंडला जाईल. मग इथं काय राहिलं?”

मला संताप आला. माणसानं जाताना आभार मानले तर त्याचं काय जातं? एवढी विमानानं जाऊन आलेली बाई, तिला हेही कळू नये? मी घरी आले. सत्कार त्यांनी करू दिला नाही. पोरांना शेवटच्या दिवशीही गणित शिकवलं, स्कूटीला पिशव्या अडकवल्या आणि गेल्या. मी वाटेला गेले नाही. ओट्यावरून दिसल्या तेवढ्या दिसल्या. परत भेट नाही. फोन करायची त्यांना सवय नाही आणि मला गरज वाटली नाही.

त्यांचं ते बोलणं मात्र घरात राहिलं. डाळ निवडताना, उसाला पाणी धरताना, मध्येच आठवायचं आणि मी मनात त्यांच्याशी भांडायचे. तुमच्यासाठीच, दुसरं कुणासाठी? मग मनातच त्या गप्प बसायच्या.

शाळा उघडली आणि भाऊसाहेब माझ्या दारात आला. कितीतरी महिन्यांनी. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, उसाची चौकशी केली. नवीन गुरुजी आले आहेत म्हणाला. चांगला माणूस, कुणाला उलटून बोलत नाही. मी लसूण सोलत होते, सोलत राहिले.

“काकी, झालं गेलं सोडून द्या. पाळीचं मी बघतो. आपण घरचीच माणसं.” मग म्हणाला, “तुमच्या बाई बी गेल्या. आता तुम्हाला कुणासाठी भांडायचंय?”

“कुणासाठी न्हाई,” मी म्हटलं. “पुढची सभा कवा हाय, तेवढं सांग.”